मूळ प्रोग्राम मेला. मागे राहिलेल्यांना कोण आवरणार?

नागोठणे : रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा तालुक्यांच्या सीमेवर, अंबा नदीच्या काठी वसलेले नागोठणे राज्याला ठाऊक आहे ते तेथील पेट्रोकेमिकल संकुलामुळे. इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने ते उभारले. २००२ मधील निर्गुंतवणुकीनंतर कंपनी रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि २००७ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. उरणहून येणाऱ्या इथेन-प्रोपेन वायूच्या भरवशावर या संकुलाची आखणी झाली होती. वायूचे क्रॅकरमध्ये विघटन करायचे, त्यातून इथिलीन मिळवायचे आणि त्या इथिलीनवर पॉलिथिलीन, ग्लायकॉल यांसारखे पुढचे प्रकल्प चालवायचे, अशी ही साखळी. क्रॅकर हा जनक आणि पुढचे प्रकल्प ही त्याची अपत्ये, असे म्हटले तरी चालेल.

अशा साखळीत अभियंत्यांना चालू कारखान्याइतकीच चिंता बंद पडणाऱ्या कारखान्याची करावी लागते. जनक एकाएकी थांबला, तर पुढच्यांनी काय करायचे? कोणती झडप मिटायची, कोणती उघडी ठेवायची, वाहिन्यांत उरलेला वायू कोठे जाळायचा? या प्रश्नांची उत्तरे कारखाना सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावी लागतात. ५ नोव्हेंबर १९९० रोजी याच संकुलात वायुगळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक जणांचे प्राण गेले. आवराबाहेर गेलेला प्रवाह म्हणजे काय, हे नागोठणेकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

नेमका हाच प्रश्न प्रत्येक संगणकाच्या पोटात, माणसांच्या नजरेआड, रोज उभा राहतो. बँकेचा सर्व्हर असो, रेल्वेचे आरक्षण असो किंवा कारखान्यातील नोंदी टिपणारा संगणक. एक प्रोग्राम कामासाठी दुसरे प्रोग्राम सुरू करतो, आणि मध्येच स्वतः मरतो. मागे राहिलेल्या प्रोग्रामांना ही वार्ता कोणी सांगत नाही. ते चालतच राहतात. संगणकशास्त्रात त्यांना अनाथ प्रोसेस म्हणतात. त्यांना आवरण्याची रीत अनेक अनुभवी प्रोग्रामरनाही नीट ठाऊक नसते, आणि त्याची किंमत भलत्याच वेळी मोजावी लागते.

जन्म, मृत्यू आणि नोंदवही

चालू असलेल्या प्रोग्रामला ‘प्रोसेस’ म्हणतात. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल लॅबोरेटरीजमध्ये घडविलेल्या युनिक्स प्रणालीत नवी प्रोसेस जन्माला घालण्याची पद्धत मोठी विलक्षण आहे. चालू प्रोसेस ‘फोर्क’ ही आज्ञा देते आणि तिची हुबेहूब प्रत तयार होते. मूळ प्रोसेस ही पालक, प्रत हे अपत्य. प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि अपत्याच्या नोंदीत पालकाचा क्रमांकही लिहिला जातो. आजच्या लिनक्समध्ये, अँड्रॉइड फोनमध्ये आणि अॅपलच्या संगणकांतही ही वंशावळ कायम आहे.

येथे दोन अवस्थांत नेहमी गल्लत होते. पहिली ‘झॉम्बी’ प्रोसेसची. अपत्य आधी मेले, तर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्याची स्मृती आणि इतर साधने काढून घेतो. मात्र ते यशस्वी होऊन संपले की बिघाडाने, ही नोंद पालकाने येऊन वाचेपर्यंत जपून ठेवतो. पालकाने ‘वेट’ ही आज्ञा देऊन नोंद वाचली, की ती पुसली जाते. पालकाने हलगर्जीपणा केला, तर ती तशीच राहते. माणूस गेला, पण शिधापत्रिकेवरचे नाव कमी केलेले नाही, असा हा प्रकार. झॉम्बी काही खात नाही. फक्त यादीतील एक जागा अडवतो. मात्र लिनक्समध्ये प्रोसेस क्रमांकांची प्रचलित मर्यादा दीर्घकाळ ३२,७६८ इतकीच होती. हजारो झॉम्बी साचले, की नव्या प्रोसेसला क्रमांकच उरत नाही आणि धडधाकट यंत्र ठप्प होते.

दुसरी अवस्था ‘अनाथ’ प्रोसेसची. येथे पालक आधी मरतो आणि अपत्य जिवंत राहते. कर्नेल अशा अपत्याला दत्तक देतो. परंपरेने हे दत्तक जाते क्रमांक १च्या प्रोसेसकडे. संगणक सुरू होताना जन्मणाऱ्या या आद्य प्रोसेसला ‘इनिट’ म्हणतात. २०१२ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ३.४ आवृत्तीपासून मधल्या एखाद्या पूर्वज प्रोसेसलाही हे पालकत्व स्वीकारता येते.

‘इनिट अनाथांची व्यवस्था लावतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते आणि त्यातूनच गैरसमज पसरतो. इनिट अनाथाला थांबवीत नाही. ते चालत असेल, तर चालू देतो. ते पुढे कधीतरी मेले, तर त्याची नोंद वाचून पुसून टाकतो, एवढेच. थोडक्यात, इनिट हा मृत्यूची नोंद करणारा ग्रामसेवक आहे. घरातल्यांना आवरणारा कर्ता नव्हे.

सगळ्यांना का मारत नाही?

मग पालक मेल्याबरोबर कर्नेलनेच अपत्यांना का संपवू नये? कारण सर्वच अनाथ नकोसे नसतात. वेब सर्व्हर, छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम, ठरल्या वेळी कामे उरकणारा प्रोग्राम यांना पार्श्वभूमीत अखंड चालायचे असते. ज्याने सुरू केले तो माणूस घरी गेला, म्हणून ते थांबून चालत नाही. त्यामुळे युनिक्सच्या परंपरेत असे प्रोग्राम जाणूनबुजून अनाथ होत आले आहेत. पालक अपत्याला जन्म देतो आणि लगेच निवृत्त होतो. अपत्य इनिटच्या छत्राखाली निर्धास्त काम करते.

या स्वातंत्र्यावर गदा आली, की काय होते हे मे २०१६ मध्ये दिसले. लिनक्समधील ‘सिस्टीमडी’ या व्यवस्थापक प्रोग्रामच्या २३०व्या आवृत्तीत वापरकर्ता बाहेर पडताच त्याच्या उरलेल्या सर्व प्रोसेस संपविण्याचे धोरण मूळ मांडणीतच लागू झाले. रात्रभर चालणारी गणिते सुरू ठेवून घरी जाणाऱ्यांनी त्यावर मोठी ओरड केली आणि डेबियनसारख्या वितरणांनी ते धोरण बंद ठेवले. कोणते अपत्य थांबायला हवे आणि कोणते चालू राहायला हवे, हे कर्नेलला कळत नाही. ते प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच सांगावे लागते.

पडद्यावर ठीक, सेवेत घोटाळा

हा दोष लवकर ध्यानात का येत नाही, याचेही कारण आहे. प्रोग्रामर आपला प्रोग्राम पडद्यासमोर बसून तपासतो. कंट्रोल आणि सी ही बटणे दाबली, की पालक व अपत्ये सारीच एकदम थांबतात. पालकासोबत अपत्येही मरतात, अशी त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात तो सिग्नल पालकाने अपत्यांना दिलेला नसतो. पडद्यावर पुढे असलेल्या संपूर्ण गटाला तो एकाच वेळी मिळालेला असतो. पडदा बंद केल्यावर जाणारा ‘हँगअप’ सिग्नलही असाच. दूरध्वनीवरून संगणकाला जोडले जाण्याच्या काळात फोन खाली ठेवला, की हा सिग्नल जाई. त्यावरूनच त्याचे नाव पडले.

हाच प्रोग्राम पुढे सर्व्हरवर सेवा म्हणून बसविला, की समोर ना पडदा असतो ना बटणे. पालक स्मृतीच्या टंचाईमुळे मारला जातो किंवा स्वतःच्या चुकीने कोसळतो. अपत्यांच्या कानावर काहीच जात नाही. विंडोजमध्येही वेगळे घडत नाही. तेथे अपत्याच्या नोंदीत पालकाचा क्रमांक असतो, पण पालक मेल्यावर तो क्रमांक दुसऱ्याच प्रोसेसला मिळू शकतो.

एका वहीत दोन हात

अनाथ प्रोसेस थोडी स्मृती खात राहिली, तर ते परवडते. खरा धोका निराळा आहे. समजा, एखाद्या कारखान्यातील संगणकावर तापमान व दाबाच्या नोंदी टिपणारा प्रोग्राम चालू आहे. मूळ प्रोग्रामने नोंदी लिहिण्यासाठी एक अपत्य नेमले आहे. मूळ प्रोग्राम कोसळतो. देखरेख करणारी यंत्रणा तत्परतेने तो पुन्हा सुरू करते. नवा पालक नवे अपत्य नेमतो. जुने मात्र अद्याप जिवंत आहे. आता एकाच वहीत दोन हात लिहू लागतात. एका नोंदीवर दुसरी चढते, क्रम बिघडतो आणि चूक कोठेच नोंदली जात नाही, कारण दोन्ही प्रोसेस आपापल्या परीने निर्दोष आहेत.

हे टळले, तर दुसरे संकट उभे राहते. जुन्या अपत्याने संपर्काचे पोर्ट किंवा फाइलचे कुलूप धरून ठेवलेले असते. नवा प्रोग्राम ‘जागा व्यापलेली आहे’ असे म्हणत सुरू होण्यासच नकार देतो. रात्री दोन वाजता बोलावलेला तंत्रज्ञ मूळ प्रोग्राम शोधतो. तो तर केव्हाच मेलेला असतो. जागा अडविणाऱ्या अनाथाचे नाव त्याच्या ध्यानीमनीही नसते.

लोकप्रिय, पण अपुरे उपाय

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे मरता मरता पालकाने अपत्यांना थांबविणे. ‘टर्म’ हा विनंतीवजा सिग्नल आला, की पालक अपत्यांना निरोप देतो आणि मग आपण संपतो. सभ्य मृत्यूसाठी ही रीत उत्तम आहे. पण ‘किल’ हा सिग्नल विनंती करीत नाही. तो अडविता येत नाही, त्याला उत्तर देता येत नाही. स्मृती संपल्यावर कर्नेल हाच सिग्नल वापरतो. अशा वेळी पालकाला एक अक्षरही उच्चारण्याची सवड मिळत नाही. आवराआवर सर्वाधिक गरजेची असते ती अशाच मृत्यूनंतर, आणि नेमका तेव्हाच हा उपाय कुचकामी ठरतो.

दुसरा उपाय, नाव शोधून मारणे. त्यात त्याच नावाची दुसऱ्या कोणाची प्रोसेस नाहक बळी पडते. तिसरा उपाय, अपत्याचा क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवणे आणि नंतर त्या क्रमांकाला मारणे. पण क्रमांक पुन्हा वापरले जातात. जुन्या पत्त्यावर धाडलेली नोटीस नव्या भाडेकरूच्या हाती पडावी, तसा मारेकरी सिग्नल भलत्याच प्रोसेसवर जाऊन आदळतो. यावर तोड म्हणून लिनक्सने २०१९ मध्ये प्रोसेसचा क्रमांक न वापरता तिला थेट धरून ठेवणारी ‘पीआयडी-एफडी’ ही सोय दिली.

झडपेचा धडा

कारखान्यांच्या अभियंत्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडविला आहे. धोकादायक वायूच्या वाहिनीवरील सुरक्षा झडप अनेकदा हवेच्या दाबाने उघडी धरलेली असते आणि तिच्यात एक स्प्रिंग ताणलेली असते. हवेची नळी फुटली, वीज गेली, नियंत्रण कक्षच बंद पडला, तरी झडप आपोआप मिटते. मिटण्यासाठी कोणी आज्ञा द्यावी लागत नाही; उघडे राहण्यासाठीच सतत आधार लागतो. थंड पाण्याच्या वाहिनीवर याच्या उलट योजना करतात: आधार सुटला, की झडप उघडते. प्रत्येक झडपेसाठी ‘आधार गेल्यावर काय’ हा निर्णय आधीच झालेला असतो.

प्रोग्रामच्या जगात हीच युक्ती ‘पाइप’ने साधता येते. पालक व अपत्य यांच्यामध्ये एक नळी ठेवायची; तिचे लिहिण्याचे टोक फक्त पालकाच्या हाती द्यायचे. अपत्य दुसऱ्या टोकाला कान लावून बसते. पालक कसाही मरो, त्याच्या हातातील सारी टोके कर्नेल बंद करतो. अपत्याला नळी बंद झाल्याचे तत्काळ कळते आणि ते आपले काम आवरून संपते. ही युक्ती बहुतेक सर्व प्रणालींवर चालते. अट एवढीच की लिहिण्याच्या टोकाची प्रत चुकून दुसऱ्या अपत्याकडे राहता कामा नये. अन्यथा पालक मेला तरी नळी उघडीच राहते.

लिनक्समध्ये याच हेतूने ‘पालक-मृत्यू सिग्नल’ आहे. ‘माझा पालक मेल्यास मला अमुक सिग्नल द्यावा’ अशी नोंद अपत्य कर्नेलकडे करून ठेवते. मात्र यात खाचखळगे आहेत. नोंद करण्यापूर्वीच पालक मेला, तर सिग्नल कधीच येत नाही. म्हणून नोंदीनंतर पालक तोच आहे ना, हे तपासावे लागते. नातवंडांना ही नोंद वारशाने मिळत नाही. शिवाय येथे पालक म्हणजे संपूर्ण प्रोग्राम नव्हे, तर अपत्याला जन्म देणारा त्यातील विशिष्ट धागा, म्हणजे थ्रेड. तो धागा संपला, तर प्रोग्राम जिवंत असतानाही अपत्य मारले जाते.

कुंपण आणि राखणदार

अपत्य दुसऱ्याने लिहिलेले असेल आणि त्याच्या सदाचाराची खात्री नसेल, तर जबाबदारी वरच्या थरावर सोपवावी लागते. विंडोज २००० पासून त्यासाठी ‘जॉब ऑब्जेक्ट’ ही सोय आहे. सर्व अपत्ये एका जॉबमध्ये घालायची आणि त्याचे शेवटचे हँडल बंद होताच आतील सर्व प्रोसेस संपवाव्यात, अशी अट लावायची. हँडल फक्त पालकाकडे ठेवले, की त्याच्या मृत्यूबरोबर अपत्येही आवरली जातात.

लिनक्समध्ये जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत ‘कंट्रोल ग्रुप’ आले. एकदा कुंपणात घातलेल्या प्रोसेसची मुले, नातवंडे, पतवंडे त्याच कुंपणात जन्मतात. पालक बदलला म्हणून कोणी बाहेर पडत नाही. सिस्टीमडी प्रत्येक सेवेला असे कुंपण घालते. मुख्य प्रोसेस मेली, की ती उरलेल्यांना आधी ‘टर्म’ देते आणि वेगळी मुदत ठरवून दिलेली नसल्यास साधारणतः ९० सेकंदांनंतर ‘किल’. २०२१ मधील ५.१४ आवृत्तीपासून तर एका नोंदीने सारे कुंपण एकदम रिकामे करता येते.

कंटेनर तंत्रात याची पुढची पायरी आहे. कंटेनरच्या आत स्वतंत्र क्रमांकन असते आणि आतला क्रमांक १ मेला, की कर्नेल आतील सर्वांना संपवितो. पण येथे जुनाच झॉम्बीचा प्रश्न डोके वर काढतो. क्रमांक १वर साधा प्रोग्राम बसविला, तर दत्तक आलेल्यांच्या मृत्यूच्या नोंदी वाचण्याचे काम त्याच्या गावीही नसते. म्हणून डॉकरने २०१७च्या आरंभी आलेल्या १.१३ आवृत्तीत छोटा इनिट आत बसविण्याचा पर्याय दिला.

यंत्रे अनेक झाली की

इथवर पालक आणि अपत्य एकाच यंत्रावर होते. मोठ्या गणनेत ते शेकडो यंत्रांवर विखुरलेले असतात. नागोठण्याला याचा संबंध लांबचा वाटेल, पण तसा तो नाही. पावसाळ्यात अंबा नदीची पातळी येथे ८ मीटर झाली, की इशारा आणि ९ मीटर झाली, की धोका समजतात. जुलै १९८९ मध्ये याच नदीच्या महापुराने वरच्या अंगाच्या जांभूळपाड्यात मोठी जीवितहानी केली. अशा पावसाचा अंदाज ज्या गणितांवर बेततो, ती पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘प्रत्यूष’ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये लोकार्पण झालेल्या ‘अर्का’ यांसारख्या महासंगणकांवर चालविली जातात.

अशा यंत्रसमूहात एक गणित हजारो प्रोसेसमध्ये वाटले जाते. सूत्रधार प्रोसेस मेली, तरी इतर यंत्रांच्या कर्नेलला त्याचा पत्ता नसतो. तेथे उरलेल्या प्रोसेस येणार नसलेल्या संदेशाची वाट पाहत प्रोसेसर अडवून ठेवू शकतात, आणि ठरल्या वेळेत संपायला हवे असलेले पुढचे गणित रखडते. म्हणून प्रत्येक यंत्रावर कामांची वाटणी करणाऱ्या व्यवस्थेचा एक प्रतिनिधी असतो. काम संपले किंवा कोसळले, की तो आपल्यापुरते कुंपण रिकामे करतो.

अनेक यंत्रांत आणखी एक पेच असतो. पालक मेला आहे की केवळ तार तुटली आहे, हे अपत्याला कळत नाही. यासाठी ‘लीज’ची, म्हणजे मुदतीच्या भाडेकराराची कल्पना १९८९ मध्ये मांडली गेली. अपत्याला ठरावीक मुदतीपुरताच हक्क द्यायचा. मुदत वाढवून मिळाली नाही, तर त्याने आपणहून थांबायचे आणि ती मुदत उलटेपर्यंत नवे अपत्य नेमायचे नाही. उशीर होतो, पण एका वहीत दोन हात पडत नाहीत.

परीक्षा एकच

या साऱ्या उपायांतून निवड करताना प्रत्येक अपत्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पालक मेल्यावर याने तत्काळ थांबायचे, हातातले काम पुरे करून थांबायचे, की चालू राहायचे? थांबायचे असेल, तर ते त्याला कोण सांगणार? आणि त्याने ऐकले नाही, तर वर कोण आहे? उत्तरांत ‘पालक सांगेल’ असे कोठे आले, तर योजना अपुरी आहे, कारण पालक नाही हेच गृहीत आहे.

योजना झाल्यावर ती पडताळण्याची रीत सोपी आहे. प्रोग्राम कामात गुंतलेला असताना मूळ प्रोसेसला ‘किल’ सिग्नल द्यावा आणि प्रोसेसची यादी पाहावी. कोणी मागे राहिले असेल आणि त्याच्या पालकाच्या रकान्यात १ किंवा सिस्टीमडीचा क्रमांक दिसत असेल, तर ते अनाथ झाले आहे. प्रोग्राम चटकन पुन्हा सुरू होतो का, पोर्ट आणि कुलपे मोकळी होतात का, नोंदी दुहेरी पडतात का, हेही त्याच वेळी तपासावे. पाच मिनिटांचे हे काम दुपारी, माणसे जागी असताना उरकता येते.